तारीख दुसऱ्या टेबलाची

९ जानेवारी

वन्सं,

तुमचे भाऊ गेले त्याला परवा वर्ष झालं. चिरंजीव येऊन गेला. दोन दिवस राहिला आणि त्यातला एक अख्खा दिवस माझी आणि घराची तपासणी करण्यात घालवला. न्हाणीघराची फरशी पायानं घासून पाहिली, गॅसचं बटण चार वेळा चालू-बंद केलं, आणि मला हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं. मी उठले. तर त्याचं तोंड असं, जणू मी उठून त्याचा अपमान केला.

जाताना म्हणाला, "आई, एकटीनं राहणं आता धोक्याचं आहे." त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर एक संस्था आहे म्हणे. प्रत्येकीला एक खाट, एक कपाट आणि अर्धी खिडकी. अर्धी, कारण मधे पडदा असतो. पलीकडचा अर्धा भाग पलीकडच्या बाईचा.

मी जाणार नाही. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आहेत, पण माझ्या आहेत. कॉलेजच्या कचेरीत चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रमाणपत्रांवर नावं लिहिली. स्वतःचं नाव काय ते या एका दारावर लिहिलं.

आता मुद्द्याचं. तो तुम्हाला विचारणार आहे. "आत्या सगळ्यांत शहाणी, ती सांगेल तसं करू," असं त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि मी ते तिथल्या तिथं पकडलं. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं. दर पंधरवड्याला लिहीन. वहिनी कशी आहे ते तुम्हीच पाहा, तुम्हीच ठरवा.

सध्या टेबलाशीच बसून असते. डॉक्टरनं नवी गोळी दिली आहे, हात छान चालतो. चालतोय तोवर लिहून घ्यावं म्हणते.

तुमची वहिनी


२० जानेवारी

वहिनी,

पाकीट फोडलं, कागद उलटून आधी सही पाहिली, मग पत्र वाचलं. जित्याची खोड. तेहतीस वर्षं बँकेत दुसऱ्या टेबलावर बसून हेच केलं. पहिल्या टेबलावर तारीख बघायचे, दुसऱ्यावर मी सही जुळवायची, तिसऱ्यावर बाकीचं. दुसऱ्याच्या टेबलात नाक खुपसायचं नाही, हा नियम. तुझी सही पक्की आहे, छापल्यासारखी. दुसऱ्या कुणाची अशी असती तर मी बाजूला काढून ठेवली असती, कारण खऱ्या माणसाची सही दोनदा हुबेहूब येत नाही. हुबेहूब येते ती गिरवलेली. पण तुझा हातच प्रमाणपत्रवाला, त्याला कोण काय करणार?

चिरंजीव विचारेल तेव्हा मी खोटं सांगणार नाही. हेही आधीच सांगून ठेवते.

माझं ठीक आहे. डॉक्टरीणबाई येऊन गुडघे वाकवून पाहून गेल्या. म्हणाल्या, साठीच्या बाईला लाजवतील असे आहेत. रोज संध्याकाळी बावीस पायऱ्या उतरते, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाते, परत येते. हेही पत्र तशीच टाकून येईन.

दादाला वर्ष झालं हे तू लिहिलंस म्हणून कॅलेंडर पाहिलं. रडू आलं नाही. तेव्हाही आलं नव्हतं. वाटलं होतं, मागून येईल. मागूनही आलं नाही. मग वाट बघायचं सोडलं.

एक विचारते. दादाचं भिंतीवरचं घड्याळ चालू आहे ना? तो दर रविवारी चावी द्यायचा.

तुझी नणंद


३ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. वाचून समाधान झालं. तुम्ही लिहिता ते अगदी खरं आहे.

माझं रोजचं व्यवस्थित चाललं आहे. सहाला उठते. अंघोळ, मग चहा. चहा गाळताना एक थेंब सांडत नाही. स्वेटरची बटणं वरपासून खालपर्यंत स्वतः लावते. कामाची बाई दहाला येते, अकराला जाते, तेवढ्यात चार गप्पा होतात. दुपारी वाचन. संध्याकाळी दारापुढं दोन फेऱ्या. हवा या दिवसांत असावी तशी आहे.

तुम्ही विचारलेल्या गोष्टींबद्दल सविस्तर पुढं कधीतरी लिहीन. तब्येत जपा.

तुमची वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

मी विचारलं घड्याळाचं, तू सांगितलंस हवेचं. तेही "असावी तशी". हवामान खात्यात नोकरी धरलीस का? आणि मी लिहिलेलं नेमकं काय अगदी खरं आहे? तू प्रमाणपत्रवाली आहेस हे खरं आहे?

अक्षर मात्र काय ते! एक ओळ वर नाही, एक खाली नाही. पंच्याहत्तरी उलटून गेलेल्या हातानं असं लिहावं आणि लोकांनी म्हणावं हिला आता जमत नाही.

इथं सगळं रोजच्यासारखं. परवा दूध उतू गेलं. मी समोरच बसले होते. वर येताना दिसलं, उतू जाताना दिसलं, बर्नर विझला तेही दिसलं. उठून गॅस बंद करायला हवा हे कळत होतं, पण उठावंसं वाटेना. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना वास आला, त्या धावत वर आल्या आणि त्यांनी बंद केला. त्यांना म्हटलं, डोळा लागला होता. डोळा लागला नव्हता. तुला हे का लिहिते आहे कोण जाणे. तू उत्तर देत नाहीस म्हणून सांगायला सोपं जात असेल.

फिरणं चालू आहे. आता पत्र टाकायलाच निघाले.

घड्याळाचं लिही.

तुझी नणंद


२ मार्च

आत्या,

सोबत एक अर्ज पाठवतो आहे. आईच्या वस्तीतल्या मदत केंद्राचा आहे. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचं स्वतः किती जमतं ते त्यात भरायचं असतं. थोडं कमी जमत असेल तर केंद्र सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई पाठवतं, अगदीच जमत नसेल तर संस्थेची शिफारस करतं, आणि सगळं जमत असेल तर फाईल बंद करतं. तिच्याशी नेहमी संबंध असणाऱ्या नातेवाइकाचा शेरा लागतो. मी फोन केला की ती "उत्तम" म्हणते. कधीही केला तरी उत्तमच. तिची पत्रं तुला येतात, म्हणून तूच लिही.

आत्या, तिला उचलून न्यायची मला हौस नाही. पण ऑफिसात फोन वाजला की हातातलं काम टाकून आधी नाव बघतो. तू जे लिहिशील ते मी मान्य करीन.

तुझा भाचा


१० मार्च

चिरंजीवा,

अर्ज भरला. प्रश्न सतरा, आणि त्यातले निम्मे असे की विचारणाऱ्याच्या आईला विचारले असते तर तिनं लाटणं हाती घेतलं असतं.

अंघोळ स्वतः करते का? होय. कपडे, बटणं? होय, वरपासून खालपर्यंत. गॅस पेटवणं, चहा करणं? होय, थेंब सांडत नाही. चालणं? रोज दोन फेऱ्या. पत्रव्यवहार स्वतः करते का? इथं जागा कमी दिली आहे. होय, आणि अर्ज छापणाऱ्यापेक्षा सुबक अक्षरात.

शेवटी शेरा लिहिला आहे: "मी तेहतीस वर्षं लोकांच्या सह्या पारखल्या आहेत. थकलेला हात आणि भ्यालेला हात मला चटकन कळतो. तिच्या पत्रांतला हात दोन्हींपैकी नाही. तिला कुणाच्या मदतीची गरज नाही."

खाली माझी सही. ती जुळवून घे.

तुझी आत्या


१७ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. वाचून समाधान झालं.

उकाडा सुरू झाला आहे. खिडक्या उघड्या ठेवते, त्या उघडायला जड जात नाहीत. औषधं वेळेवर घेते. बाटल्यांची झाकणं स्वतः उघडते. मागच्या आठवड्यात कपाट आवरलं. तुमच्या भावांचे जुने सदरे देऊन टाकले, फार वाईट वाटलं नाही.

तुम्ही काळजी करू नका. फिरायला जात जा.

तुमची वहिनी


२ मे

वहिनी,

तुझ्या पत्रात उकाडा. पेपरात मात्र त्याच आठवड्यात तुमच्याकडं गारा पडल्याची बातमी, फोटोसकट. तुझ्या घराच्या भिंती जाड आहेत हे ठाऊक होतं, इतक्या जाड असतील असं वाटलं नव्हतं.

तुझा राग आला आहे असं लिहिणार होते. पण खरं सांगायचं तर राग येत नाही. हल्ली काहीच येत नाही. सकाळ होते, संध्याकाळ होते. खुर्ची खिडकीकडं फिरवली की दिवस, भिंतीकडं फिरवली की रात्र. तुझं पाकीट आलं की उठते, सही पाहते, बरोबर असते, परत बसते. पंधरवड्यातून एकदा तरी उठायचं कारण मिळतं.

चिरंजीवाला मी काय लिहिलं ते कळलंच असेल. केंद्रानं फाईल बंद केली. आता तुला तुझ्या खोल्यांतून कुणी हलवत नाही. आभार मानले नाहीस, पण तू माझ्या कुठल्याच गोष्टीला उत्तर देत नाहीस, तेव्हा यालाच का द्यावंस?

तिसऱ्यांदा विचारते. घड्याळ चालू आहे का?

तुझी नणंद


१ जुलै

आत्या,

आई दवाखान्यात आहे. घाबरू नकोस, हाड मोडलेलं नाही.

काल, म्हणजे तीस तारखेला, सकाळी ती न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली. ती कडी तिला परत काढता येईना. बोटांत धरताच येत नव्हती. मग पाय घसरला. आठपासून एकपर्यंत ती ओल्या फरशीवर बसून होती. दहाला कामाची बाई आली, तिनं दार वाजवलं, तर आईनं आतून खणखणीत आवाजात सांगितलं, "अंघोळ चालली आहे, आज काम नाही, उद्या ये." बाई गेली. एक वाजता आपली विसरलेली पिशवी न्यायला परत आली म्हणून कळलं. नाहीतर?

डॉक्टर म्हणतात, हाताचा कंप वर्षभरापासूनचा आहे. डोकं स्वच्छ आहे, पण हात आणि तोल ऐकत नाहीत. जानेवारीत गोळीनं काही आठवडे उतार पडला होता, मग वाढतच गेलं. स्वेटरची बटणं कामाची बाई लावते. झाकणंही तीच उघडते. मला सांगायचं नाही अशी तिला तंबी होती.

मी तुला दोष देत नाही. तुला जे दिसलं ते तू लिहिलंस. पण आता केंद्राकडं पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी, हे मी करत बसणार नाही. महिनाअखेर तिला संस्थेत हलवतो. खाट मिळाली आहे.

तुझा भाचा


३१ जून

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. वाचून समाधान झालं.

आज सकाळी लवकर उठून अंघोळ केली, कपडे धुऊन वाळत घातले. मग दारापुढं दोन फेऱ्या मारल्या. कुणाची मदत लागली नाही. असंच चालत राहील असं वाटतं.

तुमची वहिनी


६ जुलै

वहिनी,

कालच्या टपालात दोन पाकिटं आली, एक चिरंजीवाचं, एक तुझं. त्याच्या पत्रात तू पाच तास ओल्या फरशीवर. तुझ्या पत्रात तू दोन फेऱ्या मारून कपडे वाळत घातलेले.

दोन्ही कागद मांडीवर घेऊन किती वेळ बसले ते माहीत नाही. चहा निवून गेला. मग तुझी जानेवारीपासूनची सगळी पत्रं काढली, पलंगावर ओळीनं मांडली, आणि जन्मात पहिल्यांदा पहिल्या टेबलाचं काम केलं. तारखा पाहिल्या.

नऊ जानेवारी मजकुराच्याच हातची आहे. त्यानंतरच्या अकरांतली एकही नाही. फेब्रुवारीतला तीनचा आकडा रेघेवरून घसरलेला. एप्रिलमधला सतरा मुगाएवढा. मे महिन्यातला मोहरीएवढा, त्याची शाईही निराळी. आणि शेवटी एकतीस जून. जूनला एकतीस दिवस नसतात, हे पहिल्या टेबलावरचा कालचा कारकून सांगेल. मी मात्र अकरा पत्रं उलटून सही पाहिली आणि अकराही पास केली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मग कचेरीतली तुझी रीत आठवली. शंभर प्रमाणपत्रं एका बैठकीत लिहायची, तारीख मोकळी सोडायची, समारंभ ठरला की कारकून ती टाकायचा. दादा चिडवायचा ना, "हिच्याकडं पोरं परीक्षेला बसायच्या आधीच पास होतात." तसंच केलंस. हात चालत होता तेव्हा वर्षभराची ठणठणीत वहिनी लिहून ठेवलीस आणि मला पंधरवड्याला एक पाठवत राहिलीस. ताकास तूर लागू दिली नाहीस.

राग यायला हवा होता. दिवसभर वाट पाहिली, आला नाही. पण एक गोष्ट टोचते आहे, आणि मला काही टोचतं आहे याचंच नवल वाटतं. माझ्या शेऱ्यानं फाईल बंद झाली. फाईल बंद झाली म्हणून मदतनीस आली नाही. ती सकाळी तिथं असती तर तू पाच मिनिटांत बाहेर असतीस. ते पाच तास माझ्या सहीचे आहेत.

आता माझं ऐक. मी फिरायला जात नाही. पेटीपर्यंत नाही, जिन्यापर्यंतही नाही. दादाला पोचवून तुझ्याकडून परत आले त्या दिवशी वरून चौथ्या पायरीवर पाय निसटला. खरचटलंसुद्धा नाही. कठडा धरून उभी राहिले, वर आले, दार लावलं, ते लावलंच. दीड वर्ष झालं. भाजी, दूध, औषध नर्सबाई आणतात, तुझी पत्रंही त्याच टाकतात. मागच्या पत्राच्या वेळी त्यांना ऐटीत सांगितलं, कोपऱ्यावरच्या पेटीत टाका. त्या म्हणाल्या, "ती पेटी काढून आठ महिने झाले, मावशी. मी स्टेशनाजवळ टाकते." म्हणजे मी तुला जिचं वर्णन लिहीत होते ती पेटीच जागेवर नाही.

गुडघे खरंच उत्तम आहेत. डॉक्टरीणबाईंनी पायात शोधलं, पायात काही नाही. जिन्याच्या तोंडाशी गेलं की पोटापासून खाली सगळं बधिर होतं. आणि घरात बसलं की पोटापासून वर.

तुझा हात गेला आणि तू अक्षर पुढं केलंस. माझं मन गेलं आणि मी गुडघे पुढं केले. दोघींनी एकमेकींना पास करून टाकलं.

उरलेली पत्रं असतील ती टाकू नकोस. मला आज लिहिलेलं पाठव. चार शब्द चालतील, वेडेवाकडे चालतील. आणि घड्याळाचं सांग.

तुझी नणंद


तारीख माहीत नाही

चिमी,

हे आज लिहिलं. आजचंच आहे. घरी आणलं आहे मला.

एकात एक घालून लिहायची ती आता काढता येत नाहीत. ती सगळी टाळते. बघ, एकही सापडणार नाही. तुला नेहमीची हाक लिहिता येत नाही, तुझा दादा मारायचा ती मारते. आणि 'तू'च लिहिते. तेवढंच जमतं. राग नको.

पंधरा कागद लिहिले होते, चार दिवसांत. चार उरले. मला फाडता येईनात, बाईने फाडले. शेवटचं पाकीट आधीच भरलेलं होतं, ते तिनेच टाकलं.

पाच तास आत बसले. भीती नाही वाटली, राग नाही आला. नळ टपकत होता, ते मोजत होते. बाई आली, मीच तिला परत पाठवलं. का, ते मलाही सांगता येत नाही. दार उघडलं असतं तर खोली गेली असती, एवढंच डोळे मिटून वाटत होतं.

भिंतीवरचं ते बंद आहे. जानेवारीपासून. चावी फिरत नाही. तू विचारत होतीस, मी वाचत होते, सांगितलं नाही. तुझं दूध उतू गेलं ते वाचून मी रडले. तू खरं लिहीत होतीस आणि मी आधीच लिहिलेलं पाठवत होते.

अरधी खिडकी नको. पण एकटीने होत नाही, हे खरं.

माझं घर खाली आहे. दाराशी एकच पायरी. तीही नको असेल तर फळी टाकू.

हे एक पान लिहायला दोन दिवस लागले.

ये.

वहिनी


१५ जुलै

चिरंजीवा,

मार्चमधला माझा शेरा मी मागं घेते. तो चुकीचा होता आणि चूक माझी होती. नवा अर्ज सोबत आहे, केंद्रात स्वतः नेऊन दे.

अंघोळ: मदत हवी, आणि आतली कडी आजच काढून टाक. बटणं: नाही. औषधं: सगळी लक्षात असतात, झाकण उघडत नाही. पत्रव्यवहार: स्वतः करते, दोन दिवसांत एक पान. स्वतःच्या घरात राहू शकते का: होय. एकटी: नाही.

दुसरा अर्ज माझा आहे. चालणं: होय. बटणं, झाकणं, कड्या: होय, दोघींच्याही. पायऱ्या: नाही, कारण पायात नाही, म्हणून डॉक्टरांना सापडलं नाही. डोकं ठिकाणावर आहे का: चौकशी करावी लागेल.

सकाळ-संध्याकाळ केंद्राची मदतनीस येऊ दे, मधल्या वेळी मी असेन. तीन महिने करून पाहा. नाही जमलं तर आम्ही दोघी तुझ्या त्या संस्थेत येतो. मधला पडदा काढला की खिडकी पुरी होईल.

वीस तारखेला सकाळी गाडी घेऊन ये. वर येऊ नकोस, खाली थांब. मला हाताला धरून उतरवलंस तर मी तुझ्या भरवशावर उतरले असं होईल, आणि पुढच्या जिन्याशी तू नसशील.

तुझी आत्या


२० जुलै

वहिनी,

तारीख दोनदा तपासून घातली आहे.

हे अकराव्या पायरीवर बसून लिहिते. वर अकरा, खाली अकरा. चौथ्या पायरीशी पंधरा मिनिटं गेली. नर्सबाई वरच्या दारात उभ्या आहेत, चिरंजीव खाली उभा आहे, आणि दोघंही माझ्याकडं बघत नसल्याचं नाटक करताहेत. कुणालाही जमत नाही. पर्समधून कागद काढला, कारण हात कशात तरी गुंतवायला हवा होता.

तुझं पत्र पर्समध्येच आहे. आलं तेव्हा उलटून आधी सही पाहिली. पहिल्या बारांपैकी एकाशीही जुळत नव्हती. 'व' फुटलेला, 'हि'ची वेलांटी भलतीकडं. मग वाचलं. जोडाक्षर एक सापडलं नाही, पण 'अर्धी'चं 'अरधी' केलंस ते सापडलं. कचेरीत असतीस तर स्वतःच फाडून परत लिहिलं असतंस. मी ते पान पास केलं. आजवर इतकी खरी सही माझ्या टेबलावर आली नव्हती.

घड्याळाला चावी मी देईन. रविवारी.

आत्ता डोळ्यांतून पाणी येतं आहे. जिन्याच्या भीतीचं आहे की दादाचं, ते बघणं कुठल्या टेबलाचं काम मला माहीत नाही. येऊ देते आहे. चिरंजीवानं शेवटी वर पाहिलंच, आणि "आत्या?" म्हणाला. त्याला म्हटलं, "थांब, सही करते आणि येते."

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, मीच घेऊन येते आहे. फळी टाकू नकोस, एक पायरी बघू.

हात हलतो आहे, त्यामुळं सही वेडीवाकडी आली. जुळवत बसू नकोस. खरी आहे.

चिमी